विसाव्या मजल्यावरची पडवी

सांगलीहून मिरजेकडे जाताना विश्रामबागेच्या आसपास हल्ली मान वर करून पाहावे लागते. एके काळी या रस्त्यावर चार मजली इमारत ही मोठी अपूर्वाई होती. आता लिफ्टच्या इमारती एकीच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहात आहेत. साताऱ्यातही हेच चालू आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची पेठांची जुनी कौले अजून कुठे कुठे दिसतात, पण गावाच्या कडेकडेने काँक्रीटचे खांब वर चालले आहेत. प्रत्येक बांधकामापुढे एक भला थोरला फलक असतो. त्यावरच्या चित्रात इमारत हिरवीगार दिसते. सज्ज्यासज्ज्यातून वेली लोंबत असतात, गच्चीवर झाडे डुलत असतात आणि खाली ‘निसर्गाच्या कुशीत’ अशा अर्थाचे काहीतरी लिहिलेले असते. वर्षा-दोन वर्षांनी इमारत पुरी होते तेव्हा वेली चित्रातच राहिलेल्या असतात. पश्चिमेकडे निळसर काच तेवढी लखलखत असते.

माझे बालपण साताऱ्याच्या पेठेत गेले आणि गेली तीसएक वर्षे मी सांगलीत राहतो. आर्किटेक्ट मी नव्हे. पण आयुष्यभराची पुंजी घालून, वर बँकेचे कर्ज काढून लोक या इमारतींत घर घेत आहेत. अशा वेळी ‘हिरवी’ उंच इमारत म्हणजे नेमके काय, हे विचारण्याचा अधिकार राहणाऱ्यालाही असतो, असे मला वाटते.

हा प्रश्न जगात ज्यांनी सर्वांत चिकाटीने विचारला, त्यांत मलेशियाचे केन यांग यांचे नाव घ्यावे लागते. १९४८ साली पेनांगमध्ये जन्मलेले हे गृहस्थ केंब्रिजला गेले आणि तिथे त्यांनी पर्यावरणाशी सुसंगत वास्तुरचना या विषयावर डॉक्टरेट केली. हे सारे सत्तरच्या दशकात, म्हणजे ‘ग्रीन’ हा शब्द जाहिरातीत यायच्या कितीतरी आधी. क्वालालंपूरजवळ सुबांग जया येथे १९९२ मध्ये त्यांची ‘मेनारा मेसिनियागा’ ही पंधरा मजली कचेरी पुरी झाली. तिच्या अंगाभोवती नागमोडी चढत जाणारी झाडांची गच्ची आहे आणि छायाचित्रात तीच दिसते. पण खरी करामत छायाचित्रात न दिसणारी आहे. लिफ्ट, जिने आणि स्वच्छतागृहे त्यांनी मध्यावर न ठेवता पूर्वेच्या तापणाऱ्या अंगाला नेली. त्या जाड भिंतींनी ऊन अडवले, आणि बाहेरच्या अंगाला आल्यामुळे जिन्यात व लिफ्टपुढच्या जागेत नैसर्गिक उजेड आला. जिथे ऊन लागते तिथल्या खिडक्यांवर बाहेरून पट्ट्यांची सावली केली. १९९५ मध्ये या इमारतीला आगाखान पुरस्कार मिळाला. पुढे सिंगापूरच्या ‘सोलारिस’मध्ये त्यांनी जवळजवळ दीड किलोमीटर लांबीची झाडांची वाट इमारतीभोवती गुंडाळली. आणि गंमत अशी की, उंच इमारत हा पर्यावरणाला सर्वांत कमी मानवणारा प्रकार आहे, हे यांग स्वतःच सांगतात. पोलाद जास्त, सिमेंट जास्त, पाणी वर चढवायला आणि माणसे वर न्यायला वीज जास्त. त्यांचे म्हणणे एवढेच, की शहरे ती बांधणारच असतील तर निदान शहाणपणाने बांधावीत.

मलेशिया दूरचे झाले. आपल्या मुंबईत, कंबाला हिलवर, यांग यांच्या त्या इमारतीच्या नऊ वर्षे आधी एक बुरूज उभा राहिला होता. त्याचे नाव कांचनजंगा आणि रचनाकार चार्ल्स कोरिया. मूळ गोव्याचे घराणे, जन्म १९३० चा सिकंदराबादचा, शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि नंतर अमेरिकेत. १९५८ पासून मुंबईत व्यवसाय. साबरमतीच्या आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय त्यांचे, पणजीची कला अकादमी त्यांची, पुण्याच्या विद्यापीठातली ‘आयुका’ची काळ्या दगडातली वास्तूही त्यांचीच. २०१५ च्या जूनमध्ये ते गेले.

कांचनजंगाची अडचण काय होती ते समजून घेण्यासारखे आहे, कारण ती थेट आपल्या सांगलीची अडचण आहे. मुंबईत सुखाचा वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. त्या टेकडीवरून देखावाही एकीकडे समुद्राचा आणि दुसरीकडे बंदराचा, म्हणजे पश्चिमेला आणि पूर्वेला. पण दुपारचे भाजणारे ऊन पश्चिमेकडूनच येते आणि पावसाळ्याचा झोडपणारा पाऊसही तिकडूनच. ज्या दाराने पाहुणा यायचा त्याच दाराने चोर! बहुतेक जण अशा वेळी काच लावतात, पडदे ओढतात आणि वातानुकूलन यंत्र चालू करतात.

कोरियांनी जुन्या मुंबईतले बंगले आठवले. त्या बंगल्यांत राहण्याच्या खोल्या मध्ये असत आणि त्यांच्या भोवती व्हरांडा असे. ऊन आणि पाऊस व्हरांड्यात थबकत, वारा तेवढा आत येई. हाच व्हरांडा त्यांनी आकाशात नेला. जमिनीवर २१ मीटर बाय २१ मीटर एवढाच चौकोन, उंची ८४ मीटर, आणि त्यात तीन ते सहा शयनगृहांच्या ३२ सदनिका. प्रत्येक सदनिका पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार, म्हणजे एका अंगाने आलेल्या वाऱ्याला दुसऱ्या अंगाने बाहेर जायला वाट. आणि कोपऱ्यावर, मोठ्या चाकूने चौकोनी फोड काढावी तशी कोरून काढलेली, दोन मजली उंचीची बागेची गच्ची. बैठकीच्या खोलीला ऊन थेट लागत नाही, ते आधी या गच्चीशी अडखळते. पाऊस आला तर गच्ची भिजते, दिवाणखाना भिजत नाही. रचनेचा हिशेब शिरीष पटेल यांच्या कचेरीने केला. मधला काँक्रीटचा गाभा हा रचनेचा मुख्य आधार आहे आणि गच्च्या सहा मीटरांहून अधिक बाहेर झेपावतात. १९७० मध्ये आरंभलेले हे काम १९८३ मध्ये संपले.

आजही त्या रस्त्याने जाताना मान वर केली तर त्या पांढऱ्या बुरुजात खोल सावल्या दिसतात. माझ्या मते त्या इमारतीचा हिरवेपणा त्या सावल्यांत आहे, तिथल्या झाडांत नव्हे. झाडे उद्या वाळली तरी सावली राहील.

साताऱ्याकडच्या माणसाला ही युक्ती ऐकून फार आश्चर्य वाटू नये. आमच्या पेठेतल्या घरांना ओसरी होती, पडवी होती, मध्ये चौक होता. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा अजून उभा आहे. भर एप्रिलच्या दुपारी एका चौकातून दुसऱ्या चौकात जाऊन पाहावे. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला सावलीतल्या खोल्यांतून हवा सरकू लागते. लिंबजवळची बारा मोटांची विहीर पाहिलेली असेल तर आणखी काही सांगायला नको. अठराव्या शतकातल्या त्या बांधकामात विहिरीच्या पोटातच बसायउठायची जागा केलेली आहे.

एकट्या सातारा जिल्ह्यात हवामानाची केवढी चैन आहे पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरही कष्टाने. एकाच जिल्ह्यातल्या या दोन टोकांना घरेही वेगळी होती. घाटमाथ्यावर उतरती छपरे, आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताचे तट्टे. माण-खटावला, आणि सांगलीकडे जत-आटपाडीला, जाड भिंतींची धाब्याची घरे, म्हणजे सपाट मातीचे छत, लहान झरोके आणि रात्री गच्चीवर अंथरूण. ज्याने त्याने आपापल्या आभाळाकडे बघून घर बांधले. आज महाबळेश्वरच्या पायथ्याला, साताऱ्यात, विट्याला आणि जतला एकच आराखडा चालतो. तोच जिना, तीच सरकती काच, तीच तीन फुटी बाल्कनी, आणि ताबा मिळाल्यावर सहा महिन्यांत तीही बंद करून खोलीत घेतलेली. तीन फुटांत खुर्ची टाकली की पाय ठेवायला जागा उरत नाही. मग लोक ती बंद करतात, यात नवल काय?

आता थोडे उन्हाचे गणित. शाळेत भूगोलात शिकलो आणि घर घेताना विसरलो, असे ते आहे. सांगली साधारण १७ अक्षांशावर. त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात एके दिवशी आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा एके दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याचा घराशी संबंध असा, की दक्षिणेच्या खिडकीला उन्हाळ्यात दीड-दोन फुटांचा साधा छज्जा पुरतो. ऊन वरून येते आणि छज्ज्यावर अडते. हिवाळ्यात ते तिरपे होऊन थोडे आत येते, तेव्हा ते हवेच असते. पश्चिमेची गोष्ट निराळी. चार वाजता सूर्य खाली उतरलेला असतो, त्याचे किरण छज्ज्याखालून सरळ पलंगापर्यंत येतात. तिथे छज्जा कितीही सुबक असला तरी उपयोगाचा नाही. तिथे खोल गच्ची हवी, उभ्या पट्ट्या किंवा जाळी हवी, नाहीतर यांग यांनी पूर्वेला केले तसे जिना, लिफ्ट आणि न्हाणीघर त्या बाजूला ढकलून द्यावे. आणि आपल्याकडे मे-जूनचा सुखाचा वाराही पश्चिमेकडूनच येतो, तेव्हा ती बाजू पुरी बंदही करता येत नाही. कंबाला हिलचे कोडे विश्रामबागेत आहे ते असे.

आपल्याकडे घर घेताना लोक वास्तुशास्त्राचा सल्लागार घेऊन येतात. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, दार ईशान्येला आहे का, हे होकायंत्र लावून पाहतात. श्रद्धेच्या वाटेला मला जायचे नाही. एवढेच सुचवतो, की होकायंत्र हातात आहेच, तर मुलांची अभ्यासाची खोली एप्रिलच्या दुपारी चार वाजता किती तापेल हेही त्यावरून ताडून घ्यावे.

कोरियांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लपवून चालणार नाही. इतका सुरेख बुरूज बांधणारा हा माणूस उंच इमारतींचा कैवारी नव्हता. उलट, भारतातल्या सामान्य माणसाला आभाळाखालची स्वतःची मोकळी जागा हवी, अंगण हवे, गच्ची हवी, आणि बैठी घरे दाटीने पण हुशारीने मांडली तर तेवढीच माणसे जमिनीलगत राहू शकतात, असे ते जन्मभर सांगत राहिले. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक. तिथे बेलापूरला सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी जी वसाहत केली, तिच्यात सात-सात घरे एका लहान चौकाभोवती बसवली. भिंतीला भिंत लागलेली नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपले घर पुढेमागे वाढवता येते. सुमारे साडेपाचशे कुटुंबांची ही वसाहत. लोकांनी घरे वाढवलीही. इतकी की मूळचे उतरत्या छपराचे घर आज तिथे शोधावे लागते. कुणी याला अपयश म्हणतात. मला तरी तसे वाटत नाही. राहणाऱ्याला स्वतःच्या घरावर एक खोली चढवता यावी, हेच तर मांडलेले होते.

म्हणजे श्रीमंतांना कंबाला हिलवर अठ्ठावीस मजले आणि मध्यमवर्गाला बेलापुरात अंगण! वरवर हा विरोधाभास वाटतो, पण दोन्हीकडे विचार एकच होता. ही जमीन, हे ऊन, ही माणसे, मग इमारत. उत्तरे निराळी आली, कारण प्रश्न निराळे होते.

सांगलीचा प्रश्न आणखी निराळा आहे आणि त्याचे नाव कृष्णा. महाबळेश्वरला आणि कोयनेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस कऱ्हाडला एकत्र होतो आणि आमच्याकडे येतो. पुढे हरिपूरला वारणा मिळते. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये ती ओलांडली गेली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात शिरले. सखल भागात ज्यांनी बैठे घर बांधले त्यांच्या घरात तीनदा गाळ आला. अशा माणसाला ‘अंगण सोडू नका’ हा बेलापूरचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? तो मुकाट्याने तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची सदनिका घेतो, आणि त्याचे बरोबर आहे. (जुने ते सगळे सोने, असेही समजू नये. हरिपूरची हळदीची पेवे म्हणजे जमिनीखालच्या कोठारांची कमाल होती. वर्षानुवर्षे त्यांत हळद टिकत असे. २००५ च्या पुराने त्यांतली बरीचशी निकामी केली.)

पण वर गेले म्हणजे सुटले, असेही नाही. २०१९ च्या पुरात वरच्या मजल्यावरच्या माणसांचे घर कोरडे राहिले, पण हाल व्हायचे राहिले नाहीत. विजेचे मीटर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, पंप तिथेच, जमिनीखालची टाकीही तिथेच. पाणी चढल्यावर वीज गेली, लिफ्ट थांबली, टाकीत गढूळ पाणी शिरले. चारी बाजूंनी पाण्याचा समुद्र आणि घरात प्यायला पाणी नाही. म्हातारी माणसे पाच-पाच मजले उतरून नावेत बसली. म्हणून सांगलीच्या उंच इमारतीचा हिरवेपणा गच्चीवर शोधण्याआधी तिच्या पायाशी शोधावा. तळमजला पाण्याला येऊ-जाऊ देणारा मोकळा असावा. मीटर, पंप आणि जनित्र निदान पहिल्या मजल्यावर असावेत. वरच्या टाकीत दोन-तीन दिवसांचे पिण्याचे पाणी वेगळे राखलेले असावे. आवारात फरशी न ठोकता माती ठेवली तर पाणी ओसरायलाही बरे आणि पावसाचे मुरायलाही बरे. यातले काहीही परदेशातून आणायचे नाही आणि यातले काही फलकावरच्या चित्रात दिसतही नाही.

पावसाच्या पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब मांडतो. प्रत्येक जाहिरातीत ‘पर्जन्यजल संकलन’ असते. सांगलीला वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस धरू. तीनशे चौरस मीटरची गच्ची असेल तर तिच्यावर वर्षात एक लाख ऐंशी हजार लिटर पाणी पडते. आकडा केवढा मोठा वाटतो! पण खाली वीस कुटुंबे आहेत. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी मापाने चार माणसांच्या कुटुंबाला ५४० लिटर लागतात, वीस कुटुंबांना दहा हजार आठशे. सगळा पाऊस थेंब न सांडता साठवला तरी तो सोळा-सतरा दिवसांत संपतो. तेच शंभर चौरस मीटर छपराच्या एका घराला साडेतीन महिन्यांहून अधिक पुरेल. उंच इमारतीत कुटुंबे पुष्कळ आणि छप्पर एकच. सौरऊर्जेच्या पट्ट्यांचेही तसेच. मजले जितके वाढतील तितका प्रत्येकाच्या वाट्याचा सूर्य आणि पाऊस कमी. म्हणून संकलन करू नये असे नाही, जरूर करावे. पण तेवढ्यावर इमारतीला ‘स्वयंपूर्ण’ म्हणू नये. उंच इमारतीची खरी बचत भिंतीत, सावलीत आणि आरपार वाऱ्यात आहे, कारण ती प्रत्येक मजल्याला सारखी मिळते.

खर्चाचे काय, असे बांधकाम व्यावसायिक विचारतील आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. खोल गच्ची म्हणजे विकायला न मिळणारी जागा, असा त्यांचा हिशेब असतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिने कारभार सुटसुटीत झाला असेल, पण महाबळेश्वरच्या पावसाला आणि जतच्या उन्हाला एकच पुस्तक लावण्याची सवयही तिने पक्की केली, असे मला वाटते. पश्चिमेची खोल गच्ची बंद न करण्याच्या अटीवर जर क्षेत्रफळाच्या हिशेबात थोडी मोकळीक मिळाली, तर व्यावसायिक ती आनंदाने बांधतील. सांगलीच्या आणि साताऱ्याच्या वास्तुविशारदांनी आपापल्या गावासाठी अशी दोन-चार कलमे लिहून शासनापुढे ठेवायला काय हरकत आहे?

आणि झाडे? मिलानमध्ये २०१४ साली ‘उभे जंगल’ नावाचे दोन मनोरे झाले. सज्ज्यांवर आठशेच्या आसपास वृक्ष आहेत. ते छाटायला दोरखंड बांधून माळी इमारतीवरून खाली लोंबकळत उतरतात. ते पैसे तिथले रहिवासी देतात. आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे गोळा करताना चिटणीसाच्या तोंडाला फेस येतो. तेव्हा नवव्या मजल्यावरच्या पिंपरणीला पाणी कोण घालणार, तिच्या मुळांनी गळती लागली तर खालच्या पाटील वहिनींच्या छताचा खर्च कोण देणार, हे आधी ठरवावे. दोन फूट खोल मातीचा एक वाफा, त्यात मोगरा, तुळस, गवती चहा, फार तर कढीपत्ता. एवढे ज्याचे त्याला झेपते. जाईचा वेल पश्चिमेच्या जाळीवर चढवला तर एका पावसाळ्यात ती बाजू भरून जाते. मात्र त्यासाठी ती जाळी आणि ती माती धरणारी जागा आराखड्यातच असावी लागते. ताबा घेतल्यावर ती मिळत नाही.